दोन उंबऱ्यांमधली सुई

चेन्नईच्या वेलचेरीत पाणी शिरलं त्या वर्षी चित्राची आणि अन्नपूर्णाबाईंची ओळख झाली, आणि पहिल्या भेटीत चित्राला ही बाई जरा आगाऊच वाटली.

इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत अन्नपूर्णाबाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. रस्त्यावरचं पाणी पायरी चढून आत यायला लागलं तशी सगळी बिऱ्हाडं खाली धावली. कुणी लुंगी गुडघ्यावर बांधून, कुणी पँट दुमडून, ती लोखंडी यंत्रं पोटाशी धरून जिना चढू लागलं. चित्राचा नवरा महेश पेरुंगुडीच्या ऑफिसला जाता येत नव्हतं म्हणून घरीच होता, तोही लागला कामाला. आणि अन्नपूर्णाबाई? जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून, दोन्ही हात पदराखाली घेऊन नुसते हुकूम सोडत होत्या. बाकीच्यांना तमिळमध्ये, आणि महेशचं चित्राशी बोलणं कानावर पडल्याबरोबर त्याला मराठीत.

"हळू, हळू! यंत्र हें लेंकरासारखें. ओलें झालें कीं जन्माचें दुखणें!"

महेश यंत्रासकट जागच्या जागी थांबला. चेन्नईत येऊन त्यांना पुरतं वर्षही झालं नव्हतं, या इमारतीत तर जेमतेम आठवडा, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायचे दिवस होते, आणि इथे कंबरभर गोंधळात कुणीतरी बखरीतली मराठी बोलत होतं.

"तुम्ही मराठी?" चित्राने विचारलं.

"मग काय! आमचे वाडवडील राजांबरोबर तंजावरास आले. तुम्ही आत्तां येतां आहां. उशीर कोणास झाला?"

चित्राला हसू आलं, पण मनातून वाटलंच, बाईंनी निदान एखादं स्टूल तरी उचलावं. नंतर सगळ्यांसाठी चहा करून ती खाली आली, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी पदराखालून हात काढले. बोटांची पेरं सुजून सुपारीएवढी झालेली, आणि सगळी बोटं वाऱ्याने झोडपलेल्या जोंधळ्यासारखी एकाच बाजूला कललेली. त्यांनी पेला दोन तळव्यांमध्ये धरला आणि तोंडाशी नेला. चित्राने नजर दुसरीकडे वळवली.

"बघ की," त्या म्हणाल्या. "बघितल्याने झिजत नाहींत. आधींच झिजलीं आहेत."

त्या दिवशी वर आणलेली यंत्रं पुन्हा कधी खाली गेलीच नाहीत. चित्राच्या समोरच्या दाराआड, अन्नपूर्णाबाईंच्या हॉलमध्येच ती मांडली गेली, आणि दोन्ही घरांमधल्या भिंतीतून रोज सकाळ-संध्याकाळ टकटक येऊ लागली. साऱ्या इमारतीप्रमाणे चित्राही त्यांना मामी म्हणू लागली. मामी मात्र तिला पहिल्या दिवसापासून 'चित्राबाई' म्हणत. त्यांच्याकडे बाईमाणसाच्या नावाला 'बाई' लावल्याशिवाय नाव पुरं होत नसे. चित्राची पाच वर्षांची मुलगी इरा, ती 'इराबाई'. महेश म्हणायचा, या मजल्यावर आलं की आपल्या घरातल्या सगळ्यांचं वय वाढतं.

मामी मूळच्या तंजावरच्या. इंग्रजी आणि तमिळ, दोन्ही टायपिंगची हायर परीक्षा पास झाल्या आणि अंबत्तूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथेच स्टोअर्समध्ये माधवराव क्लार्क होते, पुढे मामींचे यजमान. टाईप करायला म्हणून कोरे कागदसुद्धा घेऊन ते मामींच्या टेबलाशी येत, असं मामी सांगत, आणि माधवराव पेपर वर धरून तोंड लपवत. नोकरी सुटल्यावर मामींनी इन्स्टिट्यूट काढलं. आसपासच्या सरकारी कचेऱ्यांतली बरीच बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली होती. शिकवताना त्या पोरांकडे बघतही नसत. खुर्चीत डोळे मिटून बसत आणि मध्येच फूटपट्टी आपटत: "कोण तें करंगळी चोरतें आहे?" ज्याने चोरलेली असे तो आपोआप ताठ बसे. करंगळीवर जोर द्यायचा कंटाळा करून शेजारच्या बोटाने काम भागवलं, की त्या अक्षराचा आवाज जरा उशिरा आणि जरा जड येतो म्हणे. चित्राला आधी हे खरं वाटेना. पण भिंतीपलीकडून रोज ऐकून ऐकून पोळ्या लाटता लाटता तिलाही कळायला लागलं.

त्याच बाईच्या बोटांना आमवाताने धरलं होतं. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. ब्लाऊजचे हुक माधवराव लावून देत, दुधाची पिशवी फोडायला मामी चित्राचं दार ठोठावत. गोळ्या झाल्या, सोन्याची इंजेक्शनं झाली, तंजावरचं कुठलंसं तेल झालं. मग डॉक्टर हरिणी यांनी एका नव्या इंजेक्शनाचं नाव काढलं. मुलगा श्रीवत्स बंगळुरात नोकरीला होता, त्याच्या कंपनीच्या विम्यात ते बसत होतं. छातीचा फोटो झाला, क्षयाची तपासणी झाली, रक्ताच्या नळ्या भरून झाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तमिळमध्ये बराच वेळ समजावत होत्या आणि सोबत गेलेली चित्रा नुसती मान डोलवत होती. परतताना शेअर ऑटोत कोंबून बसल्यावर मामींनी तिला ते मराठीत सांगितलं.

"ऐक. आपल्या अंगांत पेशी एकमेकींस निरोप धाडतात. टपाल म्हण. त्यांत एक निरोप असा आहे कीं, 'उठा, शत्रु आला, आग लावा.' त्याचें नांव इंग्रजींत टी-एन-एफ. हा निरोप घ्यावयास प्रत्येक पेशीच्या दारावर पेटी लाविलेली. माझ्या अंगांत काय झालें, शत्रु कोणी नाहीं, आणि निरोप मात्र रोज पोतेंभर. सांधे आपले आग लावून बसले आहेत."

"मग इंजेक्शन काय करतं?"

"तेंच तर! हुबेहूब तसलीच पेटी करून सुईने आंत सोडतात. खोटी पेटी. ती दाराला नाहींच, रस्त्यांत हिंडते. निरोप येतो, पेटी दिसली म्हणून तिच्यांत पडतो. घरास कांही कळतच नाहीं. घर शांत."

"अगंबाई, छानच की."

"छान. पण," मामींनी वाकडं बोट वर केलं, "खराच चोर शिरला तरी निरोप तोच. तोही खोट्या पेटींत जाणार. म्हणून डॉक्टर म्हणाली, ताप, खोकला, अंगावर कांही उठलें, घरांत कोणास साथीचें झालें, तर आधीं मला सांगा. सुई थांबवूं. नाहींतर साधें दुखणेंही जीव घेऊन जाईल."

ऑटोतली मधली बाई मराठी कळत नसूनही गंभीरपणे ऐकत होती.

पहिली काही इंजेक्शनं दवाखान्यात झाली. मग तिथल्या नर्सने संत्र्यावर शिकवून आठवड्याची ती सुई चित्राच्या हाती सोपवली. मामींना स्वतःला टोचून घेता येत नव्हतं, आणि माधवराव सुई पाहिली की पंखा मोठा करून बसत. दर सोमवारी दुपारी चित्रा समोर जायची. फ्रिजमधून काढलेली सुई अर्धा तास टेबलावर राहू द्यायची, तेवढ्यात कॉफी आणि भांडण.

"तुझी मराठी काय ती! निम्मी इंग्रजी."

"आणि तुमची? तुम्ही बोललात की मला मुजरा करावासा वाटतो."

"कर की. कोणी अडविलें?"

महिना-दीड महिना गेला आणि एका सकाळी भिंतीतून नेहमीपेक्षा वेगळीच टकटक आली. सलग, झरझर, पाण्याच्या नळासारखी. चित्रा हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. मामी यंत्रापुढे बसल्या होत्या. बोटं अजून कललेलीच होती, ती काही सरळ व्हायची नव्हती; पण सूज उतरली होती आणि ती पळत होती. शेजारी माधवराव उभे होते, डोळे पुसत.

"हिची जीभ कधीं आखडली नाहीं," ते चित्राला म्हणाले, "आतां बोटेंही सुटलीं. माझें काय होणार?"

त्याच सुमाराला तंजावरहून मामींची भाची सुनीती आली. ऑगस्टात हायरची परीक्षा द्यायची, तोवर आत्याकडे राहायचं. मामींनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "इतकीं वर्षें नुसतें तोंडाने शिकविलें. तुला हातानें शिकवीन."

सगळं असं नीट चाललं असताना पाडवा आला.

चेन्नईत गुढी उभारायची म्हणजे चित्राला दरवर्षी कसरत. काठी म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, वर चांदीचा गडू. राहिला कडुनिंब. आदल्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन ती जिना चढते तो काय, मामींच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या टांगलेल्या, चांगल्या घसघशीत. चित्राला इतका आनंद झाला! शेवटी रक्त मराठी ते मराठी, तंजावरला जाऊन तीनशे वर्षं झाली तरी पाडवा विसरले नाहीत. मामी काय, आपली मामी, असं म्हणून तिने त्यातलीच एक डहाळी मोडून घेतली. तेवढ्यात दार उघडून माधवराव बाहेर आले. त्यांनी तिच्या हातातली डहाळी पाहिली, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.

"गुढीला घेतेय हं, काका!"

माधवरावांनी हात जोडले. तिला नव्हे, दाराला. चित्राला वाटलं, भाविक माणूस.

पाडव्याच्या दिवशी ती श्रीखंडाची वाटी घेऊन गेली, तर ती माधवरावांनी दारातच घेतली. 'ये' म्हणाले नाहीत, 'बस' म्हणाले नाहीत. चित्रा जराशी हिरमुसली, पण सणाची गडबड असेल म्हणून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी ती निघणार इतक्यात मामीच दारात उभ्या. हातात स्टीलचा डबा, त्यात सुई.

"आज तुझ्या घरींच दे."

"का हो?"

"दे म्हणतें. घर काय, हें काय तें काय. इराबाई कुठें आहे?"

"आत खेळतेय."

"आंतच असूं दे."

सुई टेबलावर ठेवली. मामी खुर्चीच्या अगदी टोकाला बसल्या, पाठ टेकेनात. कॉफी नको म्हणाल्या, हे पहिल्यांदाच. केसांत फूल नव्हतं. पातळाला हळदीचा आणि कडू पाल्याचा वास येत होता. चित्रा समोर बसून इकडचं तिकडचं बोलत राहिली, पण मन वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं एकेक गोष्ट सोलत होतं. रोज अकराच्या सुमाराला मामींच्या खिडकीतून हिंगाची फोडणी दरवळायची. परवापासून ती आलीच नव्हती. टकटकही नव्हती. इन्स्टिट्यूटची पोरं जिन्यात दिसली नव्हती.

"सुनीती कुठाय, मामी? तिचा आवाज नाही."

"निजली आहे."

"ताप आहे?"

"तसें म्हणूं नये," मामी झटकन बोलल्या, आणि लगेच खिडकीकडे बघू लागल्या.

चित्राच्या हातात सुई होती, टोपण काढलेलं. मामींनी पातळ बाजूला करून मांडी पुढे केली होती. आणि चित्राला एकदम आपली कऱ्हाडची आजी आठवली. धाकट्या भावाच्या अंगावर पाण्याचे फोड उठले तेव्हा तिने सगळ्यांना दटावलं होतं, रोग म्हणायचं नाही, देवी आल्यात म्हणायचं. फोडणी बंद, औषध बंद, उशाशी कडुनिंब. दारावरचा तो पाला पाडव्याचा नव्हताच. आणि आपण त्यातलीच डहाळी मोडून मॉपच्या दांड्याला बांधली.

तिने टोपण परत लावलं.

"मामी, सुनीतीला कांजिण्या..."

पुढचा शब्द निघालाच नाही. मामींनी उठून तिच्या तोंडावर हात दाबला होता. पूर्ण पसरलेला, बोटं न् बोटं मोकळी असलेला हात. सहा महिन्यांपूर्वी तोच हात दुधाची पिशवी फोडू शकत नव्हता.

"नांव घेऊं नको! अम्मा आल्या आहेत घरीं. पाहुणी म्हणून आल्या, पाहुणी म्हणून जातील. त्या असतांना घरांत औषध चालत नाहीं, सुई चालत नाहीं. म्हणून तर तुझ्या उंबऱ्यापलीकडे आलें. इथें चालतें."

"चालत नाही, मामी! तुमच्या अम्मांना चालेल, डॉक्टरांना चालायचं नाही. घरात साथीचं झालं तर सुई थांबवायची, हे तुम्हीच मला सांगितलंत ना ऑटोत?"

"साथ कोण म्हणाली? अम्मांस साथ म्हणतेस?"

"बरं, नाही म्हणत."

मामी खाली बसल्या. आवाज उतरला. "चित्राबाई, ही सुई चुकली कीं हात परत जातील. मला ठाऊक आहे तें, दोन दिवस उशीर झाला होता तेव्हांच कळलें. त्या पोरीला हातानें शिकवीन म्हणून बसलें आहें. दे ना. कोणास सांगूं नये, तूं आणि मी."

चित्राला वाटलं, द्यावी. इतकं केविलवाणं झालेलं तिने मामींना कधी पाहिलं नव्हतं. पण टोचणारा हात आपला असणार होता.

"मामी, ती खोटी पेटी. रस्त्यातच निरोप गिळते ना?"

"हो."

"मग अम्मा तुमच्या घरी आल्यात, उद्या तुमच्या अंगात यायच्या म्हणाल्या, तर त्यांचा निरोप तुमच्या पेशींना पोचणार कसा? पेटीतच पडणार. एवढी मोठी पाहुणी दारात उभी आणि घरात कुणाला पत्ता नाही. उठून सामोरं जायचं कुणी? मग काय होईल सांगा."

मामींनी मांडीवरचं पातळ सारखं केलं.

"फार बोलतेस," त्या म्हणाल्या. "लाव फोन तिला."

डॉक्टर हरिणींना चित्राने मोडक्या तमिळमध्ये सांगायचा प्रयत्न केला, तशा त्या म्हणाल्या, मामींना द्या. मग दोघींचं बोलणं झालं. डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव एकदाही काढलं नाही. अम्मा कधी आल्या, किती दिवस झाले, आणि लहानपणी तुमच्याकडे येऊन गेल्या होत्या का, असंच विचारलं. मामी फोन कानाशी धरूनच अदबीने उभ्या राहिल्या.

"आल्या होत्या," त्या उत्तर देत होत्या आणि चित्रासाठी मध्येमध्ये मराठी करत होत्या. "मी शाळेंत जात होतें तेव्हां. कानामागें खूण ठेवून गेल्या आहेत."

डॉक्टरांचा जीव जरा भांड्यात पडला असावा. एकदा येऊन गेलेल्या असल्या तर शरीर त्यांना ओळखतं; पण खात्रीसाठी रक्त तपासायचं, सुई मी सांगेपर्यंत बंद, आणि मुलगी बरी होईस्तोवर तिच्या खोलीत जायचं नाही. शक्य असेल तर त्या घरातच राहायचं नाही.

"इथे राहा," चित्रा म्हणाली. "इराला लस दिलीय, मला लहानपणीच झाल्यात."

"'आल्या होत्या' म्हण."

"आल्या होत्या."

अशा मामी चित्राच्या घरी राहायला आल्या. समोर माधवराव सुनीतीला कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत बसायचे, आणि या दारात उभ्या राहून मामी त्या दारातल्या माधवरावांना सूचना द्यायच्या. रक्ताचा अहवाल चांगला आला. मामींच्या अंगावर काही उठलं नाही. पण बोटं पुन्हा आखडत चालली. आधी सकाळची मूठ वळेना, मग पेला पुन्हा दोन तळव्यांत आला. मामी हात परत पदराखाली ठेवू लागल्या. चित्रा रोज सकाळी कोमट पाण्याचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवायची. एकदा मात्र तिच्याने विचारल्यावाचून राहवलं नाही.

"माझ्यावर रागावलात का?"

"तुझ्यावर? तूं अम्मांचा पाला मोडून नेलास, त्यांनीं तुला कांहीं केलें नाहीं. मग मी कोण?"

मामींनी सांगितलं नव्हतं, तरी चित्राने आपल्या स्वयंपाकघरातही फोडणी बंद केली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी महेश ताटाकडे बघून म्हणाला, "वरणाला काय झालंय? आजारी आहे?"

"खा गप्प."

"अगं, पण समोरच्या घरातल्या..."

"म्हटलं ना, खा."

मामींनी मान खाली घालून भात कालवला. त्यांचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने, चित्राला कळलं नाही.

मग सुनीतीच्या खपल्या पडल्या. कडुनिंब-हळदीच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं, अम्मांना नैवेद्य दाखवून निरोप दिला, दारावरचा वाळका पाला उतरला. डॉक्टरांनी आणखी थोडं थांबवून मग हो म्हटलं. त्या सोमवारी सकाळीच मामी आपली पिशवी घेऊन घरी गेल्या. अकराच्या सुमाराला खिडकीतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिंगाचा वास. चित्राने ओळखलं, आता बोलावणं येणार. ती हात धुऊन समोर गेली. सुई मामींच्याच टेबलावर काढून ठेवलेली होती.

"ये," मामी म्हणाल्या. "बैस. कॉफी घे. आज सगळें चालतें."

बोटं पहिल्या वेळेइतकी लवकर सुटली नाहीत. मे गेला, जून उजाडला. इन्स्टिट्यूट पुन्हा सुरू झालं, पोरांची टकटक भिंतीतून येऊ लागली, सुनीतीची वेगळी ओळखू येई, तिचा वेग वाढत होता. चित्रा रोज कान देऊन ऐकायची. जी झरझर ऐकायची होती ती काही येत नव्हती.

एका दुपारी पोरं गेल्यावर ती कणीक मळत होती. भिंतीतून एकट्या यंत्राचा आवाज आला. संथ, थांबत थांबत, पण एका चालीत. आणि प्रत्येक ओळीत कुठेतरी एक अक्षर जरा उशिरा आणि जरा जड पडत होतं. चित्रा पिठाच्या हातांनी तशीच उठली, समोरचं दार ढकललं आणि आवाज चढवून म्हणाली,

"कोण तें करंगळी चोरतें आहे?"

यंत्रापुढे मामी बसल्या होत्या. शेजारी सुनीती उभी, हातात फूटपट्टी.

"आत्या, मी पण हेंच सांगत होतें," सुनीती म्हणाली.

मामींनी वळून दोघींकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी करंगळी वर उचलली आणि यावेळी नेमकी, जोराने अक्षरावर आपटली.

"ओळखिलेंस," त्या म्हणाल्या. "आतां ऐक."